खारवट जमिनीचे परीक्षक डॉक्टर हॅरल्ड मॅन

मोशेने कनान देश हेरण्यास बारा पुरुष पाठविले, तेव्हा त्यांस नेमून दिलेल्या कामांपैकी एक काम वाचताना आपल्या ध्यानातून बहुधा निसटते. नगरे तटबंदीची आहेत की उघडी, लोक बळकट आहेत की दुबळे, हे तर त्यांनी पाहावयाचे होतेच; पण तेथील जमीन कसदार आहे की निकस, हेही नीट पाहून येण्याची त्यांस आज्ञा होती. गणना ह्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात हे सापडते. हेर परत आले. जमिनीविषयीचा अहवाल त्यांनी एका वाक्यात उरकला, आणि पुढचा सारा गलबला उंच माणसांवरून झाला.

ज्या गृहस्थांचे चरित्र आज सांगावयाचे आहे त्यांनी हेरांचे हे राहून गेलेले काम साठ वर्षे केले. त्यांतील वीस वर्षे त्यांनी आपल्या महाराष्ट्राच्या मातीत घालविली. जुन्या पिढीतील शेतकी खात्याचे लोक त्यांस मॅन साहेब म्हणत.

हॅरल्ड हार्ट मॅन ह्यांचा जन्म इंग्लंडातील यॉर्क येथे १८७२ साली झाला. रसायनशास्त्राचे शिक्षण संपवून ते इंग्लंडच्या रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीच्या कामास लागले. ह्या संस्थेचे वोबर्न येथे एक प्रयोगक्षेत्र होते व त्यावर डॉक्टर व्होल्कर ह्यांची देखरेख होती. हे तेच व्होल्कर, ज्यांनी १८८९ च्या अखेरीपासून वर्षाहून अधिक काळ हिंदुस्थान पालथा घातला आणि १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात असे लिहिले की, येथील कुणबी अडाणी नाही, तो आपल्या धंद्यात इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे. मात्र शेताला द्यावयाचे शेण सरपणाच्या अभावी चुलीत जाते, म्हणून जमीन उपाशी राहते. अशा माणसाच्या हाताखाली तरुण मॅन ह्यांची उमेदवारी झाली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

वोबर्नच्या हलक्या, रेताड जमिनीत काही तुकडे असे होते की त्यांत वर्षानुवर्षे जवाचे एकच पीक घेत व खत म्हणून केवळ अमोनियम सल्फेट देत. आरंभीची वर्षे पीक जोमदार आले. पाहणारे खूष झाले. परंतु वीस वर्षे उलटली नाहीत तोच ती जमीन आंबट झाली. बी टाकावे तर रोपे पिवळी पडून मरत. त्याच तुकड्याच्या एका भागात चुना मिसळला तर पीक पुन्हा उभे राही. माती डोळ्यांस जशीच्या तशीच दिसत होती. रंग तोच, पोत तोच. आजार आत होता व तो परीक्षेवाचून कळण्यासारखा नव्हता. आपल्या गावांत युरियाची गोणी खांद्यावर घेऊन जाणाऱ्या बंधूंनी ही गोष्ट मनात धरावी. आपली काळी जमीन चुनखडीयुक्त असल्यामुळे ती वोबर्नसारखी सहजी आंबट होत नाही, हे खरे. परंतु एकच खत डोळे मिटून ओतीत राहण्याचा परिणाम कोठे ना कोठे निघतोच.

वोबर्नच्या शेजारी रिजमाँट नावाचे खेडे आहे. राउंट्री ह्यांनी यॉर्क शहरातील दारिद्र्याची घरोघर मोजणी करून १९०१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्याच रीतीने मॅन ह्यांनी रिजमाँटमधील प्रत्येक घराची मिळकत व खर्च तपासून निबंध लिहिला. मातीची परीक्षा करणाऱ्या रसायनज्ञाने शेतमजुराच्या भाकरीचा हिशेब मांडावा, ह्याचे त्या काळी पुष्कळांस नवल वाटले असेल. मला त्यात नवल वाटत नाही. जमिनीचा कस शेवटी कोणाच्या ताटात उतरतो, हा प्रश्न ज्यास पडत नाही त्याने केवळ बाटल्या धुवाव्या.

१९०० साली ते चहाच्या मळेवाल्यांच्या संघाचे शास्त्रीय अधिकारी म्हणून कलकत्त्यास आले आणि आसामच्या चहाच्या जमिनींची परीक्षा करू लागले. येथे त्यांस वोबर्नच्या उलट अनुभव आला. जी आंबट जमीन जवास मारते तीच चहास मानवते. तेथे चुना घालणे म्हणजे झाडाचे अन्न काढून घेण्यासारखे होय. तेव्हा जमीन चांगली की वाईट, असा प्रश्न पुरा होत नाही. कोणत्या पिकासाठी, हे पुढे जोडावे लागते. १९०४ साली त्यांच्या प्रयत्नाने हिलिका येथे चहाचे पहिले प्रयोगक्षेत्र निघाले. पुढे १९११ साली ते काम जोरहाटजवळ तोकलाई येथे गेले. पण तोवर मॅन आसामात राहिले नव्हते. १९०७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य म्हणून त्यांची नेमणूक झाली होती.

आता ज्या कामासाठी आपल्या वाचकांनी त्यांस विशेष ओळखावे त्याकडे येऊ.

१८७६–७७ च्या दुष्काळात दख्खनच्या पूर्वेकडील तालुक्यांची जी दशा झाली तिच्या कथा आपल्या जुन्या मंडळ्यांत अजून सांगतात. कित्येक मंडळ्यांचा इतिहासच त्या दुष्काळापासून सुरू होतो. तसे संकट पुन्हा येऊ नये म्हणून सरकारने भोरजवळ भाटघर येथे धरण बांधले व नीरेच्या डाव्या तीराने कालवा काढला. १८८० नंतरच्या दशकात बारामती व इंदापूर ह्या कोरड्या तालुक्यांत पाटाचे पाणी आले. जेथे वर्षाला वीस इंच पाऊस पडण्याची मारामार, तेथे ऊस डोलू लागला. लोकांनी देवाचे उपकार मानले, आणि ते योग्यच केले.

परंतु पंधरावीस वर्षांत काही शेतांत विलक्षण बदल दिसू लागला. उन्हाळ्यात ओढ्याकाठच्या खोल काळ्या जमिनीवर पिठासारखा पांढरा थर उमटे. पहिल्या वर्षी तो हातभर जागेत असे, दुसऱ्या वर्षी वाफाभर, मग सबंध शेतभर. उसाची पाने टोकाकडून करपत. पुढे पुढे उगवणच होईना. ज्या जमिनीस गावात सर्वांत अधिक मोल होते, तीच पडीक पडू लागली. कोणी म्हणत शेतास दृष्ट लागली, कोणी म्हणत पाटाचे पाणीच खारे आहे.

मॅन व त्यांचे सहकारी ताम्हाणे ह्यांनी ह्या जमिनींचा तपास केला व नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरील त्यांची पुस्तिका मुंबई कृषिखात्याने १९१० साली प्रसिद्ध केली. आपल्या प्रांतात कालव्याखालच्या जमिनीच्या दुखण्याचे असे पद्धतशीर निदान करणाऱ्या आरंभीच्या लिखाणांत तिची गणना होते. पाटाच्या पाण्याने जमिनी का बिघडतात, हे आज शास्त्राने पूर्ण उलगडले आहे. ते येथे साध्या शब्दांत सांगतो, कारण हे दुखणे अजून गेलेले नाही.

आपला काळा दगड झिजून माती होते तेव्हा त्यातून चुना, सोडा इत्यादी क्षार सुटतात. कोकणात शंभर इंच पाऊस पडतो, तो हे क्षार धुऊन समुद्रास नेतो. कोरड्या मुलुखात तितके पाणी पडत नाही, म्हणून ते जमिनीच्या पोटात खोलवर थोडे थोडे साठून राहतात व तेथे असेपर्यंत कोणाचे काही बिघडवीत नाहीत. कालवा आला म्हणजे दोन गोष्टी घडतात. कालव्यातून पाणी पाझरते, आणि पाणी स्वस्त झाले म्हणून शेतकरी गरजेपेक्षा फार देतो. वरच्या अंगाच्या शेतात दिलेले पाणी मुरमातून खाली उतरते व उताराच्या तळाशी असलेल्या खोल जमिनीत तुंबते. जमिनीतील पाण्याची पातळी वर येते. ती चारपाच फुटांवर आली की, दिव्याची वात जसे तेल वर ओढते तशी माती ते पाणी वर ओढते. पृष्ठभागी ऊन पाणी घेऊन जाते आणि मीठ मागे ठेवते. तेव्हा मीठ बहुतेक ठिकाणी पाटातून आलेले नसते. ते आपल्याच जमिनीचे असते, आपण त्यास उठवून वर बोलाविलेले असते.

ह्यापुढची पायरी अधिक वाईट आहे. क्षारांतील सोडा मातीच्या बारीक कणांस चिकटलेल्या चुन्यास हुसकून त्याची जागा घेतो. मग कण एकमेकांस धरीत नाहीत. पाऊस पडला की जमीन साबणासारखी निसरडी होते, वाळली की विटेसारखी घट्ट. पाणी वर तसेच उभे राहते, खाली जिरत नाही. हिलाच आपले लोक चोपण म्हणतात. नुसती खारवट जमीन एखाद्या चांगल्या धुण्याने सुधारते. चोपण जमीन तशी सुधारत नाही. कारण पाणी आतच शिरत नाही, तर ते धुईल काय? तीस जिप्सम द्यावे लागते, म्हणजे त्यातील चुना सोड्याची जागा परत घेतो, आणि सुटलेला सोडा पाण्याबरोबर वाहून जाऊ शकतो.

वाहून जाऊ शकतो, पण वाट असेल तर. सर्व तपासाचे मर्म येथे आहे. चिबड जमिनीत कितीही जिप्सम ओतले, कितीही शेणखत घातले, आणि खालून पाण्यास वाट दिली नाही, तर मीठ जेथल्या तेथे फिरत राहते. यहेज्केलाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात मंदिरातून निघालेली नदी जेथे जेथे जाते तेथील पाणी निरोगी करते असे वर्णन आहे; परंतु चिखलाच्या व दलदलीच्या जागा निरोगी होत नाहीत, त्या मिठासाठी सोडून दिल्या जातात. ह्या वचनाचा आत्मिक अर्थ उपदेशकांनी अवश्य सांगावा. पण ज्याने बारामती-इंदापूरकडील, किंवा हल्ली कृष्णाकाठी सांगली-कोल्हापुराकडील चिबडलेले उसाचे मळे पाहिले आहेत, त्यास त्याचा सरळ अर्थही समजेल. वाहते पाणी जमीन धुते, उभे पाणी ती खारवते.

म्हणून उपाय चराचा. खोल चर खणून किंवा आजच्या रीतीप्रमाणे जमिनीखाली छिद्रांचे नळ पुरून तुंबलेले पाणी ओढ्यास नेऊन सोडणे. ऐकावयास हे सोपे आहे. परंतु पाणी वरच्या शेतकऱ्याचे, मीठ खालच्याच्या वाट्यास, आणि चर न्यावयाचा तो तिसऱ्याच्याच बांधातून! एका माणसाने आपल्या एक एकरापुरता चर खणला तर तो शेजाऱ्याच्या बांधापाशी थांबतो आणि काम फुकट जाते. खोऱ्यातील सर्वांनी मिळून केले तरच ते साधते. जमिनीची परीक्षा रसायनज्ञ करील, जिप्सम सोसायटीतून मिळेल. चरास वाट मात्र शेजाऱ्यानेच द्यावी लागते. ह्यापायी भाऊबंदांत कोर्टकज्जे झालेले मी पाहिले आहेत, आणि दोन्ही पक्ष रविवारी एकाच बाकावर बसतात हेही पाहिले आहे.

२०१५ सालापासून सरकारने जमीन आरोग्य पत्रिकेची योजना काढली, तीत बारा गोष्टी तपासून शेतकऱ्यास लेखी कळविण्याची सोय केली: आम्लता, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन. परंतु नमुना वाईट असेल तर बारीक हिशेबाचा उपयोग नाही. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नये. शेतात नागमोडी चालत दहापंधरा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करावा, त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारखी चकती घ्यावी, सर्व एकत्र मिसळून अर्धा किलो ठेवावी व सावलीत वाळवावी. खारवट जमिनीविषयी संशय असेल तर वरचा थर, फूटभर खालचा व दोन-तीन फूट खोलीचा असे निरनिराळे नमुने द्यावे, कारण मीठ कोणत्या थरात आहे ह्यावर सर्व निदान अवलंबून असते. नुसता वरचा पांढरा थर खरडून पिशवीत भरला तर प्रयोगशाळा जमीन पार बुडाली असे सांगेल. पावसाळ्यात नुकते पाणी मुरल्यावर नमुना घेतला तर सर्व ठीक आहे असे सांगेल. दोन्ही खोटे. पत्रिकेवर आम्लतेचा आकडा साडेआठांहून वर दिसला तर चोपणाचा संशय धरून खतापूर्वी निचऱ्याची चौकशी करावी. आपल्या मंडळ्यांतील लिहितावाचता येणाऱ्या तरुणांनी विधवा व वृद्ध ह्यांच्या शेतांचे नमुने नेऊन देण्याचे काम पत्करले तर उत्तम.

पुण्यास असता मॅन ह्यांनी रिजमाँटचे काम पुन्हा हाती घेतले, ह्या वेळी पवनेकाठच्या पिंपळे सौदागर गावी. जमीन, विहिरी, गुरे, कर्ज, मजुरी, घरोघरचा ताळेबंद. असा समग्र अभ्यास करून त्यांनी १९१७ साली ग्रंथ छापला. जुन्या कागदांवरून त्यांनी दाखविले की, ह्या गावी दर खातेदारामागे सरासरी जमीन १७७१ साली चाळीस एकर होती. १८१८ साली साडेसतरा झाली. १९१४–१५ साली अवघी सात उरली. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत फाटलेली होती. त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहून लहान व ११२ तर पाव एकराहूनही लहान. उत्तमांत उत्तम वर्षी देखील शंभरांपैकी एक्याऐंशी खाती आपल्या धन्यास पोसण्यास असमर्थ होती. पुढे कानिटकर ह्यांच्या साह्याने जातेगाव बुद्रुक ह्या कोरडवाहू गावाचा असाच अभ्यास त्यांनी १९२१ साली प्रसिद्ध केला. तेथे हाल अधिकच होते. हे लिहिणारा मनुष्य त्याच सरकारचा पगारी अधिकारी होता. सरकारास गोड लागेल असे आकडे काढणे त्यास कठीण नव्हते.

आपल्या समाजाने एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. ज्या काळी गावकुसाबाहेरच्या लोकांच्या मिळकतीचा हिशेब करावा असे कोणाच्या मनात येत नसे, त्या काळी मॅन ह्यांनी दख्खनच्या एका खेड्यातील महार कुटुंबांवर आणि पुणे शहरातील अस्पृश्य मानलेल्या वर्गांवर स्वतंत्र निबंध लिहिले. त्यांत दयेचे उमाळे नाहीत. कोणास काय मिळते, किती खर्च होतो, कर्ज कोणाचे, हे आहे. आपले आजोबा-पणजोबा त्या ओळींत असू शकतात. त्या माणसांस मोजण्याच्या योग्यतेचे मानिले गेले, हे कित्येक भाषणांहून मोठे.

पुढे ते मुंबई इलाख्याचे कृषिसंचालक झाले व १९२७ साली हिंदुस्थानातील नोकरीतून निवृत्त झाले. वय पंचावन्न. दुसरा कोणी बागेत खुर्ची टाकून बसला असता. हे १९२८ साली पुन्हा वोबर्नला गेले, आणि ज्या आंबट झालेल्या तुकड्यांपाशी त्यांनी तरुणपणी उमेदवारी केली होती त्यांचाच अभ्यास करीत १९५६ पर्यंत तेथे राहिले. रेताड जमिनीतील सेंद्रिय अंश वर्षानुवर्षे कसा घटतो, हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता. तरी दख्खन त्यांच्या मनातून गेले नव्हते. १८६५ पासून १९३८ पर्यंतच्या मुंबई इलाख्यातील दख्खनच्या पावसाचे आकडे तपासून पाऊस व दुष्काळ ह्यांवरील त्यांचे पुस्तक १९५५ साली निघाले. तेव्हा ते त्र्याऐंशीच्या घरात होते.

१९६१ साली मॅन वारले. त्यांचे विखुरलेले निबंध डॅनियल थॉर्नर ह्यांनी एकत्र करून १९६७ साली मुंबईस ग्रंथरूपाने छापविले. पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवड शहरात गडप झाले असून त्या ७२९ तुकड्यांवर उंच इमारती उभ्या आहेत. नीरेच्या डाव्या कालव्यास मात्र अजून पाणी सुटते, आणि त्याच्या खालच्या अंगाच्या काही शेतांत चैत्र-वैशाखात अजून पांढरे फुटते.